नवव्या जागेचा प्रश्न

मुंबईच्या डिमॉनिक रेझरेक्शन या सिम्फॉनिक मेटल बँडचा ‘दशावतार’ हा अल्बम २०१७ चा. साहिल मखिजा यांनी २००० साली बँड सुरू केला. २००५ च्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’मधला कीबोर्डचा भरगच्च नाद युरोपीय वळणाचा होता. ‘दशावतार’मध्ये गिटारच्या गदारोळात भारतीय वाद्यंही येतात. मत्स्य ते कल्की, दहा गाणी, प्रत्येकाला इंग्रजी उपशीर्षक.

नववं गाणं बुद्धाचं, उपशीर्षक ‘द टीचर’. मराठीत ‘शिक्षक’ म्हटलं की खडू-फळा दिसतो. पालीतला ‘सत्था’, म्हणजे शास्ता, हाच जवळचा शब्द. वाराणसीलगतच्या सारनाथला ज्याने पहिला उपदेश केला, तो. भागवतातला बुद्ध मात्र अवतरतो तो देवद्वेष्ट्यांना मोहात पाडायला, आणि विष्णुपुराणातला मायामोह असुरांना वेदांपासून फितवतो. अल्बमने निदान शीर्षकात तरी भुलवणारा टाळून शिकवणारा निवडला. भाषांतरकार म्हणून मला ही निवड सतारीपेक्षा मोलाची वाटते.

जागा मात्र नववीच. जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तही बुद्ध नववा, पण पशुहत्येने कळवळणारा, जुन्या मराठी दशावतार-चित्रांत तिथे कधी चक्क विठ्ठल उभा असतो. पण १४ ऑक्टोबर १९५६ नंतर मराठीत ही जागा निरुपद्रवी राहिलेली नाही. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी बुद्धाचं अवतारपण साफ नाकारते. पुढच्याच महिन्यात, काठमांडूहून परतताना, बाबासाहेब वाराणसीत बोलले आणि सारनाथला गेले.