काडतुसांची घरगुती भरणी : कायदा काय सांगतो?

उडालेल्या काडतुसाचे पितळी कवच तेवढे पुन्हा वापरता येते. टोपी, दारू आणि गोळी दर वेळी नवी लागते. अमेरिकेत अनेक नेमबाज अशी भरणी घरीच करून खर्च वाचवितात. भारतात मात्र ही काटकसर महागात पडू शकते. छत्तीसगडमधील बीरगांव असो वा पुण्याची खडकी, कायदा एकच आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 अन्वये परवान्याशिवाय दारूगोळ्याची निर्मिती करता येत नाही आणि रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे निर्मितीचा परवाना नव्हे. विशेष म्हणजे, काडतुसाचे सुटे भाग व ते बनविण्याची यंत्रसामग्रीदेखील कायद्याच्या व्याख्येनुसार 'दारूगोळा'च ठरते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अवैध निर्मितीस किमान 7 वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

धोका केवळ कायद्याचा नाही. दारूचे प्रमाण किंचित चुकले तरी दाब बेसुमार वाढून रायफल फुटू शकते. वारंवार वापरलेल्या पितळाला तडेही जातात. खडकीचा 1869 मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत.

खर्चाचाच प्रश्न असेल, तर 10 मीटर प्रकारातील एअर रायफलला दारू लागतच नाही. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरो येथे याच प्रकारात विश्वविजेता ठरला.