आरमाराची छावणी : मराठ्यांच्या नौकानीतीतील एक उपेक्षित प्रकरण

कोकणपट्टीवरील शिडाच्या जहाजांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असे. नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला होई, तो ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत खुला राही. पुढे नैर्ऋत्येचा वारा सुटला म्हणजे तो समुद्राकडून जमिनीकडे अखंड वाहू लागे. अशा वाऱ्यात सापडलेले जहाज किनाऱ्याकडे लोटले जाई, आणि केवळ शिडाच्या बळावर त्यास पुन्हा खोल पाण्यात नेणे जवळजवळ अशक्य होई. म्हणून पावसाळ्यात जहाजे खाडीत अथवा जमिनीवर घेणे हा प्रत्येक नौकाधिपतीस पाळावाच लागणारा नियम होता. मराठ्यांच्या आरमाराविषयी जे लिहिले गेले, त्यात खुल्या मोसमातील लढायांचे वर्णन विपुल आहे. या बंद महिन्यांचा विचार मात्र क्वचितच झालेला आढळतो. वस्तुतः आरमाराची खरी परीक्षा याच महिन्यांत होत असे. पाण्यावरील जहाज पळू शकते व लढूही शकते. टेकू लावून उभे केलेले जहाज यांपैकी काहीच करू शकत नाही.

या व्यवस्थेस मराठी राज्यकारभारात ‘छावणी’ असे नाव होते. आज या शब्दाने सैन्याचा तळ एवढाच बोध होतो. परंतु ‘छावणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ आच्छादणे, शाकारणे असा आहे. पावसाळ्यासाठी फौज एके ठिकाणी थांबे व छप्परे शाकारून राही, ती छावणी. जहाजांच्या बाबतीत तर हा अर्थ अक्षरशः लागू पडतो. कोकणात होड्या व गलबते वर काढली म्हणजे त्यांवर नारळाच्या झापांचे छप्पर घालण्याची रीत होती. पायदळाला आणि जहाजाला एकच शब्द लावला गेला, यावरून आरमाराची विश्रांती हीदेखील लष्करी व्यवस्थाच मानली जात होती, असे म्हणावयास हरकत नाही.

जहाज वर घेण्याचे काम उधाणावर अवलंबून असे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत उंच चढते. त्या वेळी जहाज शक्य तितके वर नेऊन ओहोटीबरोबर ते कोरडे पडू द्यावयाचे. तत्पूर्वी शिडे, परबाण, दोरखंड, नांगर आणि तोफा उतरवून त्याचे ओझे कमी करीत. नंतर बुडाला चिकटलेले शिंपले खरवडून काढीत. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून वर राळ व तेल यांचा लेप देत. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा हा जहाजाचा सर्वांत मोठा शत्रू. पाण्याबाहेर राहिल्याने त्याचा उपद्रव थांबे. मात्र ऊन लागले तर फळ्या आकसून सांधे उघडतात आणि पाऊस आत साचला तर लाकूड कुजते. झापांचे छप्पर या दोन्ही आपत्तींवर उपाय होता.

या विषयाचे राजनीतीच्या दृष्टीने केलेले विवेचन रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळते. कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांसाठी इ. स. १७१६ च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा आशय असा : वारे सुटण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस आधीच आरमार छावणीस जावे. छावणी उघड्या दर्यावर नसावी, किल्ल्याचा आश्रय असलेल्या खाडीत असावी. ती प्रतिवर्षी एकाच बंदरी करू नये. सर्व जहाजे एके ठिकाणी न ठेवता जागोजागी विभागून ठेवावीत. रात्री खुष्कीने व पाण्याने गस्त घालावी. यांपैकी पहिला नियम निसर्गाविषयीचा आहे व त्यामागे अनुभव आहे. मोसमी पावसाच्या तोंडावर अरबी समुद्रात वादळे उठतात. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोहोचण्यापूर्वीच आले होते. उरलेल्या नियमांचा रोख मात्र वाऱ्यापेक्षा माणसांकडे अधिक आहे. छावणीचे बंदर बदलत राहिल्यास शत्रूस आगाऊ बेत करणे कठीण जाते. त्या नियमाचा हेतू हाच असावा, असे अनुमान होते.

ही भीती काल्पनिक नव्हती. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईस माझगावी आश्रय घेत असे. इ. स. १६७८ च्या पावसाळ्यात ते जाळण्याच्या हेतूने शिवाजीमहाराजांनी दौलतखान व दर्यासारंग यांस पनवेलीकडे रवाना केले. पाणी ओलांडणे न साधल्याने तो बेत तडीस गेला नाही. परंतु छावणीस असलेले आरमार किती दुबळे असते, याची जाण त्यातून स्पष्ट होते. शत्रूच्या बाबतीत जे साधावयाचे होते, तेच स्वतःच्या बाबतीत घडू नये, हे आज्ञापत्राच्या नियमांचे सार होय.

लाकडाविषयीचा नियमही याच प्रकरणात येतो. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत. पण आंबा व फणस यांस बळाने हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. अगदी जीर्ण झाड हवेच असेल तर ते धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावे. आरमार राखताना किनाऱ्यावरची वस्ती उजाड होऊ नये, ही दृष्टी यामागे आहे.

या नियमांचे मोल पुढे एका दुर्घटनेने दाखवून दिले. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला, परंतु पावसाळा समीप आल्याने विजयदुर्गाची मोहीम पुढे ढकलावी लागली. तुळाजी आंग्रे यांस ऋतूने काही महिने मिळवून दिले. मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले तेव्हा आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने एकमेकांस बांधून उभी होती. खुष्कीवर पेशव्यांची फौज होती. एका जहाजास तोफगोळ्याने आग लागली, ती शेजारच्यास लागली आणि अल्पावकाशात सारे आरमार भस्म झाले. तो काळ पावसाळ्याचा नव्हता, ही गोष्ट खरी. तथापि सर्व जहाजे एके ठिकाणी ठेवू नयेत, हा चाळीस वर्षांपूर्वीचा नियम अशाच प्रसंगासाठी होता. किल्ल्याच्या आश्रयाचा एक नियम पाळला गेला, विभागणीचा दुसरा पाळला गेला नाही. मराठ्यांच्या सागरी सामर्थ्याचा एवढा मोठा भाग एका दिवसात नष्ट झाला, तो खुल्या दर्यावर शिडे उभारून लढताना नव्हे, तर बंदरात बांधलेल्या स्थितीत, ही गोष्ट आरमाराच्या इतिहासकाराने विसरता कामा नये.