वजनकाट्याला न कळणारं

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. आणि अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के!

म्हणजे आपण दिसतो सडपातळ, पण चरबी आत लपलेली. बरं, हे जन्मापासूनच. पुण्याची बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा वजनाला कमी भरतात, तरी २००२ च्या अभ्यासात त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिन जास्त निघालं.

ब्रिटनमध्ये १९७७ पासून नुकताच मधुमेह कळलेल्या ५१०२ जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. निदानाच्या वेळीच साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्याचा पडदा बिघडायला लागला होता. पुढे हृदयविकार कोणाला होणार, याचा अंदाज देत होते एलडीएल, एचडीएल, एचबीए१सी, रक्तदाब आणि सिगारेट. किडनीचं तसं नाही. रक्तातलं क्रिएटिनिन उशिरा वाढतं, त्याआधी लघवीत अल्ब्युमिन दिसू लागतं.

थोडक्यात काय, तर निदानाची तारीख म्हणजे आजाराची सुरुवात नव्हे. आपण लॉग फाइल त्या दिवशी उघडली, एवढंच. पण उघडण्यात फायदा आहे. याच अभ्यासात सुरुवातीपासून साखर कडक ताब्यात ठेवणाऱ्यांत डोळे-किडनीचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९८ साली जाहीर झालं.

तेव्हा मंडळी, पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये 'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्या मित्राला हे जरूर सांगा. आणि कोणाची साखर पहिल्यांदाच वाढलेली निघाली, तर लिपिड, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तेव्हाच तपासून घ्यायला लावा.