बाळंतिणीचे पहिले दहा दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यात कौतुक कमी आणि धास्ती जास्त आहे. ती धास्ती कशी ओसरत गेली आणि ती ओसरवणारे हात कोणाचे होते, हे आज पाहायचं आहे. त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. कल्याणपासूनच सुरुवात करू.

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना म्हणजेच पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत, ही बोच आनंदीबाईंच्या मनात राहिली. पुढची हकिकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. १८८३ साली कलकत्त्याहून बोटीनं प्रयाण, फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय आणि ११ मार्च १८८६ रोजी मिळालेली पदवी. बोटीचा प्रवास आणि पदवी यांच्या झगमगाटात एक गोष्ट मात्र मागे पडते. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय निवडला होता तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. म्हणजे दहा दिवसांच्या त्या बाळाचा प्रश्न त्या सातासमुद्रापार घेऊन गेल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय बावीसही पूर्ण नव्हतं. मग त्यांचा प्रश्न पुढे कोणी सोडवला? डॉक्टरांनी, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर सुईण, दाई आणि नर्स यांच्याकडे आहे.

त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातलं बाळंतपण डोळ्यांसमोर आणा. घरातली मागची अंधारी खोली, बाज, खाली शेगडी, ओवा-शेपेची धुरी आणि हाताशी सुईण. या सुईणीला अडाणी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. पोट चाचपून मूल आडवं की उभं ते तिला कळे. कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत ती जागची हलत नसे. बाळंतिणीला धीर देणं, शेकणं, चोळणं, बाळाला न्हाऊ घालणं हे सगळं तीच करी. तिला माहीत नव्हतं ते एवढंच, की न उकळलेल्या विळ्यानं नाळ कापली किंवा नाळेवर राख लावली तर त्यातून धनुर्वात होऊ शकतो. आणि तिच्याच हातांवरून बाळंतिणीला जंतू लागले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो.

समाजाला मात्र संकटाचे दिवस नेमके ठाऊक होते. पाचवीला सटवाई पुजायची, रात्रभर दिवा तेवत ठेवायचा, बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, ही रीत उगाच पडलेली नाही. ताप आणि धनुर्वात याच सुमाराला घाला घालत. कारण कळलं नव्हतं, पण वेळ अचूक हेरलेली होती.

आणि हे अज्ञान केवळ आपल्याकडेच होतं असंही नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एक डॉक्टर-विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. मरणाऱ्या बायका पहिल्या कक्षात कितीतरी जास्त. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीला लागतात, हे सेमेलवाइस या डॉक्टरानं ओळखलं आणि १८४७ साली क्लोरिनच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केली. मृत्यू झपाट्यानं उतरले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनमध्ये सुईणींसाठी सुरू केलेलं शिक्षण सूतिकाज्वरामुळे १८६७ साली बंद करावं लागलं. पुढे १८७१ च्या पुस्तकात त्यांनी आकडे मांडून दाखवलं, की त्या काळी प्रसूतीला रुग्णालयापेक्षा घर अधिक सुरक्षित होतं. म्हणजे रुग्णालयाच्या भिंती जीव वाचवत नाहीत, स्वच्छ आणि शिकलेले हात वाचवतात.

हे हात तयार करण्याच्या आपल्याकडच्या प्रयत्नांतला एक मोठा टप्पा म्हणजे १८८५ चा डफरिन फंड. १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय उघडलं. १९०३ साली देशी दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल निधी उभा राहिला. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदननं परिचारिका आणि सुईणीच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. परक्या माणसांचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, हे काम घरंदाज बाईचं नव्हे, असा तो काळ. तरीही विधवा स्त्रिया पुढे आल्या, हे विसरता कामा नये. मुंबई इलाख्यात परिचारिका आणि प्रसाविकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला.

तरीही १९४६ साली भोर समितीनं अंदाज दिला तो असा, की देशात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात. म्हणजे लाखाला दोन हजार. १९५१ पासून सहायक परिचारिका प्रसाविका तयार होऊ लागल्या. याच आपल्या गावोगावच्या नर्सबाई. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आजही सरकारी आरोग्यसेवा म्हणजे आधी त्याच. शहरी भागात ठाण्याचं सिव्हिल, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही नावं घरोघरी माहीत आहेत. तिथंही डॉक्टर येऊन जातात, सिस्टर थांबते.

तिचं काम वरवर साधं दिसतं. गरोदरपणी वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन पाहायचं आणि धनुर्वाताची लस द्यायची. कळा सुरू झाल्या की पोटावर नळी लावून बाळाचे ठोके मोजायचे आणि प्रसूती कशी पुढे सरकते आहे ते तक्त्यावर नोंदवत राहायचं. बाळ बाहेर येताच आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे गर्भाशय आकसतं आणि रक्तस्राव आवरतो. खरी कसोटी त्यानंतरच्या दोन तासांत असते. पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे ना, रक्त किती जातंय, नाडी कशी आहे, हे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. घरचे पेढे वाटत असतात, तेव्हा सिस्टरची नजर चादरीवर असते. बाळाला तासाभरात अंगावर घ्यायला लावणारीही तीच.

शस्त्रक्रिया, रक्तपेढ्या, प्रतिजैविकं यांच्या जोडीला या नजरेचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात २००१ ते ०३ या काळात लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८ ते २० मध्ये हा आकडा ३३ वर आला. भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ साली मान्य झालं.

पण आई आणि बाळ घरी गेल्यावर काय? इथं आपली साखळी अजून कच्ची आहे. पूर्वी माहेरी सव्वा महिना बाळंतिणीभोवती चार बायका असत. डोंबिवली-ठाण्याच्या दोन खोल्यांत नवरा सातचोवीसची लोकल पकडून गेला की ती आणि बाळ, दोघंच. डिंकाचे लाडू कुरिअरनं येतात, अनुभवी नजर येत नाही.

यावरचं उत्तरही मराठी मुलखातूनच आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. आनंदीबाईंचं बाळ दहा दिवस जगलं. आज त्या दहा दिवसांत दोन वेळा कोणीतरी जाणतं दारात यायला हवं, असा त्याचा अर्थ.

म्हणून आशाताई दारात आली तर तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका. ती आली नाही, तर घरच्यांनीच लक्ष ठेवावं. बाळंतिणीला ताप, वाढलेला रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग थंड किंवा गरम लागलं, श्वास जोरात चालला, तर 'बाळंतपणात असं व्हायचंच' म्हणून थांबू नये. लगेच दवाखाना गाठावा. पाचवी जरूर पुजा. दिवा लावा, रात्र जागवा. फक्त त्या रात्री बाळंतिणीच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, तेही पाहा.