फुलीच्या खाचेचा इतिहास

१/ स्कूटरचा जाम बसलेला स्क्रू काढताना पेचकस घसरतो, खाच गोल होते आणि आपण गंजाला दोष देतो. गंज असतोच, पण निम्मे उत्तर इतिहासात आहे.

२/ अमेरिकेतील पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली फुलीच्या खाचेची पेटंटे मिळाली. सरळ खाचेतून पेचकस बाजूला निसटे. फुलीत तो आपोआप मध्यावर बसे. कारखान्यातील वेगवान जुळणीला हे वरदान ठरले. मात्र खाचेच्या भिंती उतरत्या असल्याने जोर वाढताच पेचकस वर उचलला जातो.

३/ पुढे जपानने आपल्या औद्योगिक मानकात, म्हणजे ‘जिस’मध्ये, फुलीची निराळी घडण ठरवली. जपानी स्कूटरींवर तीच आली. दिसायला दोन्ही सारख्याच. पण फिलिप्सचा पेचकस जपानी खाचेत पुरता बसत नाही आणि कडा खातो.

४/ म्हणून अशा स्कूटरीला जिसचाच पेचकस लावावा. आधी आट्यांत गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे. तरीही स्क्रू हलला नाही, तर इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा : हातोड्याचा एकच ठोका टोक खाली दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो.

५/ खाच शाबूत आहे तोवरच हे उपाय चालतात. ती गोल झाली की ड्रिलने स्क्रूचे डोके उडवावे लागते.