मास्ट पेशींचा उद्रेक आणि निसर्गोपचार : आधार कुठे, धोका कुठे?

मास्ट पेशी या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील पहारेकरी होत. त्वचा, श्वासनलिका, आतडी आणि रक्तवाहिन्यांच्या भोवती, म्हणजे बाह्य जगाशी संबंध येतो त्या सीमांवर त्यांचे वास्तव्य असते. जर्मन संशोधक पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. या पेशींतील कण म्हणजे साठवलेले अन्न असावे, असा त्यांचा समज झाला. त्यावरून ‘पुष्ट पेशी’ या अर्थाचे हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात त्या कणांत हिस्टामाइन, ट्रिप्टेज यांसारखी द्रव्ये असतात. कीटकदंश, जंतू किंवा ॲलर्जीकारक पदार्थ यांची चाहूल लागताच ती बाहेर सोडली जातात.

हा प्रतिसाद पुरेशा कारणाविना किंवा प्रमाणाबाहेर वारंवार घडू लागला, तर त्या अवस्थेला ‘मास्ट सेल ॲक्टिव्हेशन सिंड्रोम’ म्हणतात. चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, पोटात मुरडा, जुलाब, धाप, छातीत धडधड, रक्तदाब घसरून भोवळ येणे ही त्याची लक्षणे. ती झटक्यांच्या स्वरूपात येतात आणि एकाच वेळी एकाहून अधिक अवयवसंस्थांत दिसतात.

निदान कसे होते?

लक्षणे अनेक आजारांशी मिळतीजुळती असल्याने केवळ त्यांवरून निदान करता येत नाही. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने तीन कसोट्या मानल्या जातात : दोन किंवा अधिक अवयवसंस्थांत झटक्याने येणारी लक्षणे, झटक्याच्या वेळी या द्रव्यांच्या प्रमाणात वाढ, आणि त्यांना रोखणाऱ्या औषधांनी पडणारा उतार. रक्तातील ट्रिप्टेज हे त्यांपैकी प्रमुख मोजमाप. झटका आल्यापासून साधारण चार तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यात ते मूळ पातळीपेक्षा २० टक्के अधिक २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इतके वाढलेले असावे लागते. मूळ पातळी ५ असेल, तर झटक्यातील आकडा किमान ८ हवा. मूळ पातळी मात्र लक्षणे पूर्ण ओसरल्यावर, निदान एक दिवसाने तपासतात.

निसर्गोपचाराची परंपरा

महात्मा गांधींनी १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. आहार, पाणी, माती, सूर्यप्रकाश, विश्रांती आणि उपवास ही या पद्धतीची साधने. औषधांच्या दीर्घकाळ सेवनाला कंटाळलेला रुग्ण तिच्याकडे वळतो, हे स्वाभाविकच होय. परंतु या विकारात प्रत्येक साधन स्वतंत्रपणे पारखून घ्यावे लागते.

आहार

सर्वाधिक चर्चा होते ती हिस्टामाइन कमी असलेल्या आहाराची. आंबवलेले, मुरवलेले आणि शिळे पदार्थ, जुने चीज, मद्य व व्हिनेगर त्यात टाळतात. गोमंतकीय स्वयंपाकघराशी याचा थेट संबंध आहे. बांगडा, तारली, सुरमई यांसारखी मासळी पकडल्यानंतर बर्फाविना राहिली, तर जिवाणू तिच्यातील हिस्टिडीनचे हिस्टामाइन बनवतात. एकदा तयार झालेले हिस्टामाइन शिजवून किंवा तळून नष्ट होत नाही. त्यामुळे सुकी मासळी, व्हिनेगरमधील लोणचे आणि पुन्हा आटवलेली माशांची ‘कालची कडी’ हे आवडीचे पदार्थ अशा रुग्णाला बाधू शकतात. ताजी मासळी बर्फात ठेवणे व लगेच शिजवणे हा साधा उपाय होय.

या आहाराने काहींना आराम पडतो. तथापि त्यामागील पुरावा मर्यादित आहे. म्हणून काही आठवडे पथ्य, लक्षणांची रोजनिशी आणि नंतर एकेक पदार्थ परत सुरू करणे, हा क्रम आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पाळावा. वर्षानुवर्षे यादी वाढवत गेल्यास कुपोषण ओढवते.

पूरके आणि वनस्पती

कांदा, सफरचंद यांतील क्वेर्सेटिन हे द्रव्य प्रयोगशाळेत मास्ट पेशींना शांत करते असे दिसले आहे. पण ताटलीतील पेशी आणि रुग्णाचे शरीर यांत अंतर आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी मधमाशांची परागउत्पादने तर ॲलर्जीचा तीव्र झटका आणू शकतात.

वनस्पतींचा वारसा मात्र नाकारण्याजोगा नाही. भूमध्य सागरी प्रदेशातील खेल्ला या वनस्पतीतील खेलिन या द्रव्यावरून पुढे क्रोमोग्लिकेट हे मास्ट पेशी स्थिर करणारे औषध घडले. दम्याचा त्रास असलेले ब्रिटनमधील डॉक्टर रॉजर अल्टुनियन यांनी १९६० च्या दशकात त्याच्या चाचण्या स्वतःवर केल्या. वनस्पतीचे औषध झाले ते शुद्धीकरण, मात्रा आणि चाचणी यांतून गेल्यावरच.

सावधगिरी कुठे?

उष्णता, थंडी, त्वचेवरील घर्षण, अतिश्रम आणि मानसिक ताण यांनी मास्ट पेशी चेतवल्या जाऊ शकतात. त्यामुळे बाष्पस्नान, गरम-थंड पाण्याचे आलटून-पालटून उपचार, जोरकस मालीश आणि दीर्घ उपवास यांनी काही रुग्णांत झटका उद्भवू शकतो. उलट पुरेशी झोप, प्राणायाम, हलका व्यायाम आणि ताणनियंत्रण हे सहसा निर्धोक असून उपयुक्त ठरू शकतात.

मुख्य उपचार हिस्टामाइनरोधक औषधांचाच. गरजेनुसार मॉन्टेलुकास्ट, क्रोमोग्लिकेट किंवा ओमालिझुमॅब यांची जोड दिली जाते. ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत. घसा आवळणे, धाप किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसल्यास ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाच तातडीचा उपाय. तेथे काढ्याची वा लेपाची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. निसर्गोपचार येथे सोबती म्हणून उपयोगी आहे. पर्याय म्हणून नव्हे.