सारमेयाची वंशावळ

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली जो प्रदीर्घ मराठी लेख कोरवून घेतला आणि ज्याची रचना बाबुराव चिटणिसांनी केली, तो वाचीत भिंतीच्या कडेकडेने पुढे सरकणाऱ्या वाचकापुढे भोसले कुळाच्या पिढ्यांमागून पिढ्या उलगडत जातात. आणि चोळांनी बांधलेल्या देवळावर मराठ्यांनी आपला वंशवृक्ष नोंदवावा यात राजस अहंकार जितका आहे तितकीच, परमुलखात चार पिढ्यांनंतर आपण कोण हे कोणी विसरू नये, ही धास्तीही आहे. कुळाची चौकशी हा राजेलोकांचा आवडता विषय खरा. त्यांच्या दारचे हत्तीघोडेही या चौकशीतून सुटले नाहीत. राजवाड्यातील सरस्वती महालात गजशास्त्राच्या आणि अश्वशास्त्राच्या पोथ्या आहेत; त्यांत उत्तम जनावराची लक्षणे, वर्ण, खोडी, रोग आणि औषधे इतक्या बारकाईने सांगितली आहेत की एखाद्या सोयरिकीच्या वेळीही इतकी विचारपूस होत नसेल.

त्या मानाने कुत्र्याकडे शास्त्रकारांचे लक्ष फारसे गेले नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात ‘सारमेयविनोद’ आहे, पण नावाप्रमाणेच तो विनोदाचा, म्हणजे राजाच्या करमणुकीचा भाग आहे. याचे कारण मला असे दिसते की हत्ती रानातून धरून आणावा लागतो, घोडा अरबस्तानाच्या जहाजांतून मोल देऊन उतरवून घ्यावा लागतो, आणि दोघांसाठी पीलखाना, पागा, माहूत, मोतद्दार व त्यांचा रोजमुरा असा सगळा जमाखर्च दप्तरात चढतो. कुत्रा मात्र कोणी न बोलावता आला. जो आपण होऊन दारात येऊन बसतो त्याचे कूळ विचारण्याची तसदी कोण घेतो?

ही तसदी ज्या काळात युरोपातील पंडितांनी घेतली, त्या काळाशी तंजावरच्या राजवाड्याचा संबंध योगायोगाने फार जवळचा आहे. १७९९ च्या तहाने सरफोजींचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला, राजाकडे किल्ला, मानमरातब आणि अमाप फुरसत उरली, आणि श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने ती फुरसत ग्रंथसंग्रहात, वैद्यकात आणि सृष्टिविज्ञानात घातली. १८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा लिनियस आणि ब्यूफाँ या सृष्टिविज्ञानींचे दाखले ओघाने देणारा, शेक्सपिअरवर मत असणारा, घोड्याची पारख करणारा आणि वाघावर अचूक गोळी झाडणारा हा राजा पाहून ते चकित झाले. पुढे थोड्याच दिवसांत त्रिचनापल्लीस त्यांचे निधन झाले, पण सरफोजींविषयीची त्यांची साक्ष मागे राहिली.

सरफोजी ज्यांचे दाखले देत त्या दोघांपैकी ब्यूफाँने १७५५ मध्ये कुत्र्यांची एक वंशावळ छापली होती. मधोमध मेंढपाळाचा कुत्रा हा मूळपुरुष, आणि हवामान, अन्न व माणसाची संगत यांच्या फरकाने त्याच्यापासून उत्तरेकडे, दक्षिणेकडे फुटलेल्या शाखा, असा तो तक्ता आहे. मेंढपाळाच्या कुत्र्याला हा मान देण्याचे कारण असे की न शिकवता सेवा करणे त्याच्या अंगातच आहे असे ब्यूफाँला वाटे. मूळपुरुष कोण हे ठरवताना त्याने चाकरीचा गुण प्रमाण मानला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लांडग्याशी काही नाते निघते का हे पाहण्यासाठी त्याने लांडग्याचे पिल्लू आणि कुत्रे एकत्र वाढवले, पण त्यांची संतती झाली नाही, म्हणून त्याने दोघांना वेगळ्या कुळाचे ठरवले. लिनियसने १७५८ मध्ये कुत्र्याची ओळख नमूद करताना दातांपेक्षा, नखांपेक्षा शेपटीवर भर दिला: वर वळलेली, तीही डावीकडे. आपल्याकडे कुत्र्याचे शेपूट नळीत घालून पाहणाऱ्यांनी ते वाकडेच राहते एवढे पूर्वीच ठरवले होते. डाव्याउजव्याचा निर्णय मात्र स्वीडनच्या पंडिताकडून आला.

या शेपटीला पुढे जी साक्ष द्यावी लागली ती दोघांच्याही स्वप्नात आली नसती. १९५९ साली सैबेरियात नोवोसिबिर्स्क येथे बेल्यायेव या रशियन शास्त्रज्ञाने फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर प्रयोग आरंभला. माणूस जवळ गेला असता जो कोल्हा कमी बिथरतो आणि कमी चावतो त्याचीच पैदास पुढे न्यायची, एवढाच निकष त्याने ठेवला. रूपाकडे, रंगाकडे, कानाशेपटीकडे पाहिलेही नाही. थोड्याच पिढ्यांत पिल्ले माणसाला पाहून शेपटी हलवू लागली, आणि आणखी काही पिढ्यांनी कोणी न मागितलेली लक्षणे प्रकट झाली: अंगावर पांढरे ठिपके, लोंबते कान आणि वर वळलेली शेपटी. स्वभावातील भय निवडून काढले की त्यामागोमाग देहही बदलतो, असा याचा अर्थ. आणि लिनियसने जे कुळाचे चिन्ह समजून टिपले ते वास्तविक माणसाळण्याचे चिन्ह होते.

ब्यूफाँचा लांडग्यासंबंधीचा निवाडाही टिकला नाही. आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेने विसाव्या शतकाच्या अखेरीस निश्चित झाले की कुत्रा हा करड्या लांडग्याचाच वंशज; मात्र ज्या लांडग्यांपासून तो फुटला ती शाखा आज कोठेही जिवंत नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत पुरलेले कुत्रे सापडले. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीचे. त्या कुत्र्याच्या दातांवरून असे दिसते की ते अवघ्या सातएक महिन्यांचे पिल्लू होते, त्याला लहानपणी कठीण आजार झाला होता, आणि कोणी उबेत ठेवून खाऊपिऊ घातल्यावाचून ते त्या आजारातून इतके दिवस तगले नसते. आजारी पिल्लू शिकारीच्या कामाचे नसते. चाकरीची पहिली पावती मिळण्याआधीच शुश्रूषेचा पुरावा सापडावा, हे ब्यूफाँच्या तक्त्याला परस्पर उत्तर आहे.

पहिले पाऊल कोणी टाकले याविषयी दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वस्तीच्या उकिरड्यावर जे लांडगे कमी भीत ते जास्त खाऊन गेले आणि त्यांची प्रजा वाढली. दुसरा म्हणतो, शिकाऱ्यांनी पिल्ले उचलून आणून वाढवली. मला पहिल्यात अधिक तथ्य वाटते, कारण त्याला फक्त उष्टे आणि काळ लागतो. शेती आल्यावर तर या उष्ट्याने कुत्र्याचे पोटही पालटले: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात आणि कुत्र्यात त्या कितीतरी पटींनी वाढलेल्या आहेत. राजवाड्यापासून कीळवासलकडे जाताना गल्लीत जे तांबूस, आखूड केसांचे, वळल्या शेपटीचे कुत्रे पत्रावळीतला सांबारभात चाटूनपुसून खाते आणि मग उन्हातून सावलीत सरकते, ते कावेरीच्या भातशेतीइतकेच या जमिनीचे पीक आहे. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. बहुतेक नामांकित विलायती जातींच्या वंशनोंदीच्या वह्या तेव्हापासूनच्या. गल्लीतल्या कुत्र्याला भेसळीचे म्हणून नाक मुरडणारे लोक कुळाचा क्रमच उलटा लावतात.

सेवेचा इतिहास त्यानंतरचा, आणि तो दगडाधातूवर लिहिलेला आहे. काश्मिरात बुर्झाहोम येथे नवाश्मयुगीन माणसांबरोबर कुत्री पुरलेली सापडली. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली निघालेल्या बैलजोडीच्या कांस्यरथात, सारथ्याच्या पुढे दांडीवर एक लहानसे कुत्रे उभे आहे. त्या रथाच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे, कुत्र्याविषयी नाही. तमिळ मुलखात चेंगमजवळ एडत्तनूर येथे पल्लव महेंद्रवर्म्याच्या वेळचा एक वीरगळ आहे. त्यावर गुरे राखताना पडलेल्या वीराशेजारी त्याचे कुत्रे कोरले असून, चोरांना चावून राखण करीत उभ्या राहिलेल्या त्या कुत्र्याचे ‘कोविवन्’ हे नावही दिले आहे.

पण या सर्वांत तंजावरच्या माणसाने विसरू नये अशी शिळा कर्नाटकातील आतकूरची. ९४९ च्या सुमारास तक्कोलमच्या रणांगणावर राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या बाजूने लढणाऱ्या गंग बूतुगाने चोळ युवराज राजादित्याला ठार केले. तंजावरच्या चोळांना त्या काळात बसलेला हा सर्वांत मोठा तडाखा. या लढाईत मणलेर नावाच्या सेवकाने पराक्रम केला आणि मालकाने प्रसन्न होऊन ‘माग काय मागायचे ते’ म्हटले. एरवी अशा वेळी गाव, इनाम, वतन मागावे. मणलेराने काळी नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे बेळतूरच्या बाजूस एका थोरल्या रानडुकरावर काळीला सोडले असता दोघेही झुंजीत मेले, आणि आतकूरच्या चल्लेश्वरासमोर त्यांची झुंज कोरलेली शिळा उभारून तिच्या पूजेसाठी जमीन लावून देण्यात आली. देवळाच्या पुजाऱ्याने त्या शिळेची पूजा केल्याशिवाय जेवू नये अशी अटही त्यात घातली. एका राज्याचा वारस पडला आणि एक कुत्रे पडले, या दोन्ही गोष्टी एकाच दगडावर, जवळजवळ एकाच गांभीर्याने नोंदल्या आहेत. ही शिळा आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

मराठ्यांपुरते बोलायचे तर साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीस दाखवतात. त्याने वाघापासून धन्याला वाचवले अशी आख्यायिका आहे. रायगडावरच्या वाघ्याचे स्मारक १९३६ चे, आणि त्याच्या कथेला शिवकालीन कागदाचा आधार नाही. ती भावना आहे, इतिहास नव्हे. मुधोळच्या घोरपड्यांचे मात्र आश्चर्य वाटते. ज्या घराण्यातील बाजी घोरपड्याने १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना, म्हणजे तंजावरच्या राज्याचे संस्थापक व्यंकोजीराजे यांच्या वडिलांना, कैद केले, त्याच घराण्यातील मालोजीराजांनी विसाव्या शतकात खेड्यापाड्यांतील लांबट तोंडाच्या, सडपातळ, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या कारवानी कुत्र्यांची निगुतीने पैदास करून त्यांची जोडी विलायतेच्या पंचम जॉर्ज बादशहाला नजर केली. मुधोळ हे नाव आज शहाजीराजांच्या कैदेपेक्षा कुत्र्यांमुळेच अधिक ओळखले जाते.

भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली: हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर, मुधोळ आणि तमिळनाडूचा राजपाळयम. चौघेही चाकरीतले. गल्लीतल्या कुत्र्याचे तिकीट त्यांत नव्हते.